घर वीस वर्षे, शेअर वीस दिवस: दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीच्या सवयी

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतला छोटा वाटा. कंपनीने नफा कमावला, त्यातला काही भाग पुन्हा धंद्यात घातला आणि त्यावर आणखी नफा कमावला, तर त्या वाट्याची किंमत वाढते. दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीचा सगळा आधार एवढाच आहे. भाव मात्र रोज ठरतो, आणि रोजच्या भावात नफ्यापेक्षा बातमी, अफवा, हाव आणि धास्ती यांचा वाटा मोठा असतो. नफ्याचे प्रतिबिंब भावात उतरायला वर्षे लागतात. तेवढी वर्षे दम धरण्याची ज्याला सवय नाही, त्याच्या हाती उत्तम कंपनीचा शेअर लागला तरी तो फार काळ टिकत नाही. त्यामुळे या विषयात कोणता शेअर घ्यावा हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा ठरतो. घेतलेला शेअर हातून सुटू नये म्हणून काय करावे, हा पहिला.

नवी मुंबईत या प्रश्नाचे अर्धे उत्तर प्रत्येक सोसायटीत सापडते. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली. वाशी, नेरूळ, बेलापूर येथे १९८० आणि १९९० च्या दशकांत घर घेतलेल्या असंख्य पगारदार कुटुंबांनी ते घर वीस-तीस वर्षे विकले नाही, आणि त्या काळात घराची किंमत अनेक पटींनी वाढली. या कुटुंबांना बाजाराचे विशेष ज्ञान होते असे नाही. घर टिकले ते तीन साध्या कारणांनी. कर्जाचा हप्ता दरमहा पगारातून कापला जात होता, त्यामुळे बचत करायची की नाही हा प्रश्नच उरला नव्हता. घराचा भाव कुणी रोज सकाळी सव्वानऊ वाजता मोबाइलवर दाखवत नव्हते. आणि विकायचे म्हटले तर दलाल, मुद्रांक शुल्क, नोंदणी, सिडकोचे हस्तांतरण शुल्क, शिवाय घरच्यांची संमती एवढे सोपस्कार पुढे उभे राहत होते. ‘घराने तारले, शेअरने बुडवले’ हे वाक्य या शहरात वारंवार ऐकू येते. ते बोलणाऱ्याने घर वीस वर्षे ठेवलेले असते आणि शेअर वीस दिवस, हा तपशील बहुधा सांगायचा राहून जातो.

शेअरला यांपैकी एकही कुंपण नाही. पूर्वी थोडेफार होते. शेअर कागदी असताना विक्रीसाठी हस्तांतरणपत्र भरावे लागे, कंपनीच्या दप्तरातील सहीशी सही जुळावी लागे, जुळली नाही तर कागद परत येत आणि पैसे महिनोन्‌महिने अडकत. बनावट आणि चोरीच्या प्रमाणपत्रांचा त्रास वेगळाच. डिपॉझिटरी कायदा १९९६ मध्ये झाला, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चंद्रशेखर भावे यांच्या नेतृत्वाखाली, शेअर कागदाऐवजी डीमॅट म्हणजे संगणकीय नोंदीत ठेवणाऱ्या एनएसडीएलचे कामकाज सुरू झाले आणि ही सारी कटकट संपत गेली. आज शेअर काही क्षणांत विकला जातो आणि २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरांचा व्यवहार पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने ही फार मोठी सुधारणा आहे यात वाद नाही. पण जुन्या गैरसोयीने अनेकांना नकळत दीर्घ मुदतीचे गुंतवणूकदार बनवले होते. सोय आली आणि ती सक्ती गेली. आता कुंपण स्वतःच घालावे लागते. चांगली सवय म्हणतात ती हीच.

दीर्घ मुदत किती, याबद्दल बाजारात फार सैल बोलले जाते. एक वर्षानंतर विकलेल्या शेअरवरचा नफा प्राप्तिकर खाते दीर्घकालीन मानते, पण ती करआकारणीची सोय आहे. तिचा कंपनीच्या वाढीशी संबंध नाही. खरे मोजमाप निर्देशांकाच्या इतिहासात आहे. १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरून १०० वर सुरू झालेला सेन्सेक्स हर्षद मेहता प्रकरणाच्या ऐन भरात, एप्रिल १९९२ मध्ये, ४,४६७ वर पोहोचला होता. एप्रिल २००३ च्या अखेरीस तो ३,००० च्या खाली होता. म्हणजे अकरा वर्षे वाट पाहूनही शिखरावर घेणाऱ्याचे मुद्दल भरून निघाले नाही. हाती पडला तो अधूनमधून मिळालेला लाभांश. दुसरे उदाहरण जानेवारी २००८ चे. त्या महिन्यात सेन्सेक्सने २१,००० ओलांडले, ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० वर बंद झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जवळजवळ ८६,००० पर्यंत गेला. शिखरावर घेऊन तोवर थांबलेल्याला लाभांश वगळून दरसाल सुमारे पावणेनऊ टक्के मिळाले. तळाला घेणाऱ्याला सोळा टक्क्यांहून थोडे अधिक. तळ कोणता हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हते. या आकड्यांवरून दोन गोष्टी निघतात. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा, मग तो मुलीच्या शिक्षणाचा असो की घराच्या पहिल्या भरण्याचा, शेअरमध्ये असू नये. आणि सगळी रक्कम एकाच दिवशी घातली तर तो दिवस कोणता निघेल यावर फार काही अवलंबून राहते.

महाराष्ट्रात दीर्घ मुदतीचे उदाहरण म्हणून अमळनेरचे नाव हमखास घेतले जाते. जळगाव जिल्ह्यातील या गावात डिसेंबर १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली. पुढच्या वर्षी तिने लोकांकडून भांडवल उभारले आणि गावातल्या व परिसरातल्या लोकांनी शेअर घेतले. १९६६ मध्ये संस्थापक मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण अर्धवट सोडून कारभार पाहू लागले. कंपनी तुपातून साबणात, साबणातून संगणकात गेली आणि विप्रो झाली. बोनस शेअर मिळत गेले, ज्यांनी कागद पेटीत जपून ठेवले त्यांच्या पुढच्या पिढ्या कोट्यधीश झाल्या. हे सारे खरे आहे. मात्र यातून ‘घ्या आणि विसरा’ असा जो धडा काढला जातो, तो अर्धाच आहे. अमळनेरकरांच्या डोळ्यांसमोर कारखाना चालू होता, कामगार शेजारपाजारचे होते, लाभांश दरवर्षी येत होता. विसरण्याची वेळच आली नाही. आणि ज्या कंपन्यांचे कागद पेटीतच रद्दी झाले, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांचे शेअर एके काळी तितक्याच भरवशाचे मानले जात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अनेक गिरण्या आधीच डबघाईला आल्या होत्या. त्यांचे शेअर नेटाने धरून ठेवणाऱ्यांचा संयम अमळनेरकरांपेक्षा कमी नव्हता.

सांभाळणे आणि दुर्लक्ष करणे यांतला फरक नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाताना दिसतो. १९६० च्या दशकापासून या पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांतल्या अनेक कंपन्यांचे शेअर मध्यमवर्गीयांच्या घरी होते. पुढे काही बंद पडल्या, काही विकल्या गेल्या, काहींची नावे बदलली. नोसिलसारख्या कंपनीचा पेट्रोकेमिकलचा व्यवसाय गेला, रबर-रसायनांचा राहिला. त्यानंतर आयटीचा काळ आला. ऐरोलीत मोठे संकुल उभारणाऱ्या पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्सची शेअर बाजारात नोंदणी २००४ मध्ये झाली. २०११ मध्ये आयगेटने ती ताब्यात घेतली, २०१२ मध्ये तिचा शेअर बाजारातून उतरवला गेला आणि पुढे आयगेटही कॅपजेमिनीच्या ताब्यात गेली. पटणीचा शेअर तीस वर्षे ठेवायचे ज्याने ठरवले होते, त्याला तो आठव्या वर्षी द्यावा लागला. यात त्याचा तोटा झालाच असे नाही. पण कंपन्यांना आयुष्य असते, आणि दीर्घ मुदत ही गुंतवणुकीच्या शिस्तीला लागू होते, एखाद्या विशिष्ट कंपनीला ती चिकटवता येत नाही.

सवयींचा क्रम लावायचा तर शेअरच्या आधीच्या गोष्टी आधी येतात. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, क्रेडिट कार्डाची थकबाकी शून्य, कुटुंबाचा आरोग्य विमा आणि कमावत्या माणसाचा मुदत विमा. हे नसेल तर पहिले मोठे आजारपण किंवा नोकरीतली पहिली कपात शेअर विकायला लावते, आणि मंदीच्या काळात नोकरी जाणे व भाव पडणे या दोन्ही गोष्टी बहुधा बरोबरच घडतात. बँकेतील पैसाही एकाच ठिकाणी असू नये, हे पनवेलकरांना सांगायला नको. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. ठेव विम्याची मर्यादा प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपये आहे. त्यावरच्या रकमेचे काय होते हे ठेवीदारांनी अनुभवले आहे.

यानंतरची सवय हप्त्याची. गृहकर्जात जे काम बँक करते, ते इथे एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालण्याची सोय, करते. हप्त्याची तारीख पगार जमा होण्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची ठेवावी. महिनाअखेरची ठेवली तर शिल्लक राहिली तरच गुंतवणूक होते, आणि शिल्लक राहत नाही. दरमहा ५,००० रुपये, दरसाल १२ टक्के वाढ गृहीत धरली (ही केवळ हिशेबासाठी, हमी नव्हे), तर १५ वर्षांनी सुमारे २५ लाख होतात आणि २० वर्षांनी सुमारे ५० लाख. पहिल्या पंधरा वर्षांत जेवढे साठले तेवढेच पुढच्या पाच वर्षांत साठते. चक्रवाढीचे फळ असे शेवटी शेवटी येते, म्हणून मध्येच तोडलेल्या एसआयपीचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी कोसळून २५,९८१ वर आला आणि नोव्हेंबरपर्यंत त्याने आपली जुनी पातळी परत गाठली. याच काळात देशभरातील एसआयपीची मासिक रक्कम मात्र साडेआठ हजार कोटींच्या वरून साडेसात हजार कोटींच्या खाली घसरली. काहींची कमाईच थांबली होती, त्यांचा इलाज नव्हता. बाकीच्यांनी माल स्वस्त असताना दुकानाकडे पाठ फिरवली.

एकरकमी पैशाची गोष्ट निराळी, आणि नवी मुंबईत ती नेहमीची. शहरासाठी ज्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी गेल्या, त्यांना दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील १९८४ च्या आंदोलनानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला. विमानतळासाठी उलवे, कोंबडभुजे, तरघर अशी गावे हलली तेव्हा पुन्हा मोबदला आणि भूखंड आले. भूखंड विकून आलेली रक्कम असो, स्वेच्छानिवृत्तीची असो की जुना फ्लॅट विकून उरलेली, तिच्या मागे सल्लागारांची रांग लागते. अशा वेळी निदान तीन महिने काहीच न करणे ही सवय उपयोगी पडते. पैसा बँकेत वा लिक्विड फंडात ठेवावा, आणि मग शेअरकडे न्यायचा तो भाग एक-दोन वर्षांत समान हप्त्यांनी न्यावा. भाव चढत राहिले तर यात थोडे हुकते हे खरे. पण आयुष्यात एकदाच येणाऱ्या रकमेला २००८ च्या जानेवारीचा मुहूर्त लागण्यापेक्षा ते परवडते.

थेट शेअर घेणाऱ्याने वही ठेवावी. मोबाइलमधील यादीत किती घेतले आणि किती वाढले एवढेच दिसते. का घेतले ते दिसत नाही. वहीतली नोंद चार ओळींची पुरे: ‘कंपनी कर्जमुक्त. पाच वर्षे नफ्याइतकीच रोकड प्रत्यक्ष आली. प्रवर्तकांचे शेअर तारण नाहीत. यांपैकी काही बदलले तर विकायचे.’ भाव पडल्यावर ही ओळ वाचली की प्रश्न बदलतो. भाव २० टक्के पडला, पण नोंदीतले काहीच बदलले नसेल, तर विकण्याचे कारण नाही. भाव चढता आहे, पण नफा कागदावर वाढतो आणि रोकड येत नाही, येणे तुंबते आहे, लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला आहे, तर चढत्या भावातही निघावे. वार्षिक अहवालाच्या सुरुवातीचे अध्यक्षांचे भाषण वगळले तरी चालते. रोख प्रवाहाचे पत्रक आणि लेखापरीक्षकाचा शेरा वगळू नये. ज्यांना एवढा वेळ किंवा गोडी नाही (बहुतेकांना नसते, आणि त्यात कमीपणा नाही) त्यांनी निर्देशांकावर आधारित फंड घेऊन मोकळे व्हावे.

पडलेल्या शेअरचे ‘अॅव्हरेज’ करत राहणे ही याउलटची सवय. शंभरला घेतलेला शेअर साठला आला म्हणून आणखी घेतला, चाळीसला आला म्हणून आणखी, असे करता करता सर्वांत वाईट कंपनीत सर्वांत जास्त पैसा जाऊन बसतो. एका कंपनीत एकूण शेअर गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांहून अधिक घालायचे नाही, असा आकडा वहीच्या पहिल्या पानावर असला की हे आपोआप थांबते.

भाव किती वेळा पाहावा, यालाही नियम लागतो. लोकलमध्ये वाशीची खाडी ओलांडता ओलांडता तीनदा भाव पाहणाऱ्याला तीनदा काहीतरी करावेसे वाटते. ब्रोकरच्या अॅपच्या सूचना बंद ठेवणे, आणि डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारे एकत्रित खातेविवरण महिन्यातून एकदा उघडणे पुरेसे आहे. सखोल आढावा वर्षातून एकदा, शक्यतो वार्षिक निकाल आणि अहवाल हाती आल्यावर, घ्यावा.

खर्च आणि कर यांवर मात्र सवयीने लक्ष ठेवावे, कारण ते निश्चित असतात, परतावा निश्चित नसतो. एसआयपीच्या वरच्याच हिशेबात एक टक्का खर्चात गेला आणि १२ ऐवजी ११ टक्के धरले, तर २० वर्षांनी ५० लाखांचे सुमारे ४३-४४ लाख होतात. म्युच्युअल फंडात जानेवारी २०१३ पासून थेट योजना उपलब्ध आहेत. वितरकाचे कमिशन त्यांत नसते. वितरक वाईट दिवसांत एसआयपी चालू ठेवायला लावत असेल तर तो आपले पैसे वसूल करून देतो, फक्त अर्ज भरत असेल तर नाही. २३ जुलै २०२४ पासून शेअरवरील दीर्घकालीन नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखावरच्या रकमेवर, १२.५ टक्के कर आहे आणि अल्पकालीन नफ्यावर २० टक्के. वारंवार विकणारा दरवेळी चक्रवाढीतून हा वाटा काढून देतो.

ऑप्शन-फ्यूचरबद्दल मुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीशी याचा संबंध एवढाच की खाते तेच असते आणि अॅपही तेच. ब्रोकरकडे हा विभाग बंद ठेवता येतो. तो बंदच ठेवावा.

टीप देणाऱ्यांची परीक्षा तशी अवघड नाही. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेली राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था, म्हणजे एनआयएसएम, नवी मुंबईकरांना परकी नाही: वाशीत तिची इमारत आहे आणि रसायनीजवळ पाताळगंगा येथील तिच्या संकुलाचे उद्घाटन डिसेंबर २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. गुंतवणूक सल्लागार, संशोधन विश्लेषक, फंड वितरक यांना तिच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि सल्लागार व विश्लेषक यांचा सेबी नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. व्हॉट्सअॅप-टेलिग्रामच्या गटात हमखास परतावा सांगणाऱ्याकडे तो नसतो, किंवा दुसऱ्याचा असतो. आठवड्याला ठरावीक टक्के देणारी योजना शेअरची असो, हिऱ्यांची असो की सोन्याची, ती पुढच्या माणसाच्या पैशावर चालते. जानेवारी २०२५ मध्ये कोसळलेल्या अशाच टोरेस योजनेच्या दारात पैसे मागायला उभ्या राहिलेल्यांत नवी मुंबईकरही होते. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत खाते गोठवले गेले तर काही हाती लागण्याची शक्यता असते.

शेवटची सवय कागदपत्रांची, आणि ती सर्वाधिक टाळली जाते. गुंतवणूक तीस वर्षांची असेल तर ती दुसऱ्या पिढीच्या हाती जाणार हे गृहीत धरावे लागते. डीमॅट खात्याला आणि प्रत्येक फंडाला नामनिर्देशन असावे. नामनिर्देशित व्यक्ती कायद्याने वारसच असते असे नाही, म्हणून मृत्युपत्रही असावे, आणि कोणते खाते कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावे. घरात अजून कागदी शेअर असतील तर ते डीमॅट करून घ्यावेत, कारण १ एप्रिल २०१९ पासून सेबीने कागदी शेअरच्या विक्री-हस्तांतरणाला बंदी घातली आहे. ज्या शेअरवरचा लाभांश सलग सात वर्षे कुणी घेत नाही, ते कंपनी कायद्यानुसार लाभांशासह गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तिथून ते परत मिळतात. त्यासाठी वारसाला आयईपीएफ-५ हा अर्ज भरावा लागतो आणि कंपनीच्या नोंदीशी जुळणारे नाव, पत्ता व सहीचे पुरावे जोडावे लागतात.